शब्दांची विचारपूस: ओस गाव, उजाड डोंगर आणि कंसातली रिठी

मागच्या अंकात उन्हाळ्यावर लिहिताना मी सहज एक वाक्य टाकलं होतं, 'मे महिन्यात दुपारी आपलं नागपूर पार ओसाड होतं.' टाकलं आणि विसरलो. मग महिनाभर तुमचे मेल, व्हॉट्सअॅप, दोन पोस्टकार्डं (हो, अजून लिहितात लोक), सगळे त्या एका शब्दावरून. काहींनी झापलं, काहींनी त्याच्या आजूबाजूचे शब्द विचारले, काटोलच्या एका आजोबांनी तर जमिनीच्या कागदाचा फोटोच पाठवला. तेव्हा या वेळी ऱ्हस्वदीर्घ, जोडाक्षरं, 'की' पहिली का दुसरी, सगळं बाजूला ठेवतो. फक्त उजाड जागांचे शब्द.

प्रश्न: भाऊ, ओसाड म्हणजे जिथे माणूस नाही ते. आम्ही तर इथंच आहोत, कूलरसमोर पडलेलो. मग नागपूर ओसाड कसं काय झालं?
(महालातले एक वाचक)

चुकलो. तुमचं बरोबर आहे. 'ओस' हा शब्द संस्कृतातल्या 'उद्वस'वरून आलाय, प्राकृतात त्याचं 'उव्वस' झालं आणि मराठीत घासून घासून 'ओस' राहिलं. त्यात जो 'वस' आहे तोच वस्तीतला, वसण्यातला. म्हणजे वस्ती उठली की ओस. तिथली जमीन कशी आहे, झाडं आहेत का, पाणी आहे का, याच्याशी ओसाडाला काही घेणंदेणं नाही. चांगला सागवानी वाडा आहे, मागे विहीर आहे, विहिरीला पाणी आहे, अंगणात चिंच लगडली आहे आणि घरचे सगळे दाराला कुलूप लावून पुण्याला गेलेत, तर तो वाडा ओसाड. 'ओसाड गावची पाटीलकी' म्हणतात ना, त्यात पाटीलकी खरीच आहे हो, फक्त ऐकायला कोणी नाही.

मला हवा होता तो शब्द 'शुकशुकाट'. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, दुपारी २ वाजता बाहेर डोकावून बघा, रस्त्यावर चिटपाखरू नाही, कुत्रं पण उभ्या ऑटोखाली जीभ काढून पडलेलं, दुकानांची शटरं अर्धी खाली, आणि ६ वाजले की त्याच चौकात उसाच्या रसाच्या गाडीला घुंगरू लावून गर्दी. शुकशुकाटाला नुसतं ऊन पुरतं, ओसाड व्हायला वर्षं लागतात. 'सामसूम' पण तात्पुरतीच, पण ती जास्त करून रात्रीची आणि तिच्यात आवाज नसण्यावर जोर आहे.

एक पळवाट मात्र मला आहे. 'ओस पडणं' हे 'ओसाड'पेक्षा हलकं आहे, बाजार एका दिवसासाठीही ओस पडतो, लॉकडाऊनमध्ये बर्डी, म्हणजे आपली सीताबर्डीची बाजारपेठ, ओस पडली होती तसा. मी 'ओस पडतं' लिहिलं असतं तर तुमच्या तावडीतून सुटलो असतो.

प्रश्न: मुलीने निबंधात 'उजाड विहीर' लिहिलं, बाईंनी लाल पेनाने खोडून 'ओसाड विहीर' केलं. दोन्ही सारखंच ना? आणि मग वैराण, भकास, रखरखीत हे सगळे कशाला आहेत एवढे?
(मनीषनगरच्या एक आई)

बाईंनी बरोबर केलं, पण समजावून सांगायला हवं होतं, नुसती लाल रेघ मारून मुलांना काय कळणार.

'उजाड' हा प्राकृतातला 'उज्जड'. तो डोळ्याला दिसणाऱ्या उघडेपणाबद्दल आहे. डोंगरावरची झाडं तोडली, डोंगर उजाड झाला. गारपिटीत संत्र्याचा बगीचा गेला, वावर उजाड झालं. काहीतरी अंगावर होतं ते ओरबाडून गेलं, असा भाव त्यात असतो. विहिरीच्या अंगावरून काय जाणार? तिथे येणारी माणसं गेली, म्हणून ती ओसाड. विहिरीचा काठ मात्र उजाड असू शकतो, तिथलं वडाचं झाड पडलं असेल तर. (आणि 'उजाडलं' म्हणजे सकाळ झाली, तो उजेडाच्या घरातला, याचा त्याचा काही संबंध नाही, मुलांना हे सांगितलं की फार मजा वाटते.) आपल्याकडे हिंदीच्या शेजारामुळे 'त्याचं घर उजडलं' असंही सर्रास म्हणतात, ते नागपूरपुरतं ठीक आहे, निबंधात नको.

'वैराण' हा फारसीतला 'वीरान'. आपल्या लोकांनी त्याला मराठी कपडे घातले तेव्हा त्यात 'वैर' दिसायला लागलं, खरं तर वैराचा त्यात काही हात नाही. तो मोठ्या पसाऱ्याला शोभतो. वैराण प्रदेश म्हणतो आपण, वैराण परसबाग म्हणत नाही, हसतील लोक.

'रखरखीत' उन्हाशिवाय उभाच राहत नाही. पावसाळ्यात तोच माळ रखरखीत म्हणून बघा, शब्दच ओला होऊन बसतो.

आणि 'भकास' माझा आवडता आहे, कारण तो जागेबद्दल नाहीच, तो बघणाऱ्याबद्दल आहे. चेहरा ओसाड नसतो, पण भकास असतो. भरलेलं घर भकास वाटू शकतं, लग्न लावून मुलगी सासरी गेली की संध्याकाळी मांडवात पंधरा माणसं बसलेली असतात, खुर्च्या आवरणं चाललेलं असतं, आणि सगळं भकास.

मुलीला एक युक्ती सांगा. जागेचं वर्णन करताना स्वतःला विचारायचं, इथे काय नाही? माणसं नाहीत, झाडोरा नाही, पाणी नाही, की आपला मूडच नाही. शब्द आपोआप सापडतो.

प्रश्न: सोबत कागदाचा फोटो. गावाच्या नावापुढे कंसात (रिठी) लिहिलंय. पुतण्या पुण्याला असतो, तो म्हणतो रिठ्याची झाडं असतील. तुम्हीच सांगा.
(काटोलचे एक आजोबा)

आजोबा, पुतण्याला माझा नमस्कार सांगा, मी पण एकदा असाच शहाणा झालो होतो.

तेव्हा मी एका दैनिकात मुद्रितशोधन करायचो, वय तेवीस-चोवीस, मराठी आपल्या बापाचीच आहे असं वाटायचं वय. एक जाहीर सूचना आली, जमिनीची, मौजाचं नाव आणि पुढे कंसात रिठी. मला वाटलं टायपिंगची चूक, कोणाचं तरी आडनाव चुकून घुसलंय, मी कंसासकट उडवलं. सूचना छापून आली. दुसऱ्या दिवशी वकील साहेब ऑफिसात हजर, कारण त्याच तालुक्यात त्याच नावाचं दुसरं, माणसांनी भरलेलं गाव होतं आणि आता कागदोपत्री भलत्याच गावाची जमीन विकायला निघाली होती. सूचना पुन्हा फुकट छापावी लागली आणि माझ्या पगारातून किती गेले ते सांगत नाही. घरी आलो तर वडील, ते पटवारी होते, पोट धरून हसले. म्हणाले, "अबे, रिठी खोडली तू? त्या कंसात अख्खं गाव पुरलेलं असते."

तर रिठी म्हणजे उठून गेलेलं गाव. रीठ असंही म्हणतात. माणसं गेली, घरं पडली, पण महसुलाच्या दप्तरात गाव जिवंत आहे, त्याला नकाशा आहे, शीव आहे, सर्वे नंबर आहेत, सातबारे निघतात, शेती पिकते, फक्त तिथे राहत कोणी नाही. शेतकरी शेजारच्या गावातून येऊन वाहतात. नागपूर जिल्ह्याच्या गावांची यादी काढून बघा, असे कंस पुष्कळ सापडतील. गावं का उठली याची कारणं जागोजागी वेगळी, कुठे पटकीची साथ, कुठे पूर, कुठे पाणी आटलं. वडिलांसोबत लहानपणी मी अशा एका रिठीवर गेलो होतो. वावराच्या मधोमध थोडी उंच जागा, नांगर तिथे वळसा घालून जायचा, मातीत खापरांचे तुकडे, एक पाटा अर्धा रुतलेला, आणि शेंदूर फासलेला मारुती. मारुतीला ताजा शेंदूर होता. माणसं गेली तरी देव हलवत नाहीत, वर्षातून एकदा जाऊन नारळ फोडून येतात.

तेव्हा तुमच्या कागदावरचा कंस खोडू देऊ नका कोणाला.

प्रश्न: बातमीत लिहिलं, 'आगीत पाच दुकाने बेचिराख'. आमचे एक सिनियर म्हणाले शब्द चुकीचा आहे, कारण सांगितलं नाही आणि चहा प्यायला निघून गेले. काय चूक आहे यात?
(नवीन पत्रकार, धंतोली)

सिनियर लोकांची ही जुनी सवय.

हे रिठीच्या पाठोपाठ आलं ते बरं झालं, कारण दोन्ही एकाच दप्तरातले शब्द आहेत. 'बेचिराख' हा फारसी 'बे-चिराग', चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात संध्याकाळी दिवा लागत नाही ते बेचिराख गाव. महसुली कागदांत आजही ओस गावांना बेचिराख म्हणतात. यात आग नाहीच, उलट अंधार आहे. झालं काय, चिराग माहीत नसलेल्या मराठी कानाला त्यात 'राख' ऐकू आली, आणि एकदा राख दिसली की जाळायला काहीतरी पाहिजेच. मग शत्रूने गावं लुटली, जाळली, बेचिराख केली, असं करत करत शब्द आगीकडे सरकला.

आता खरं सांगू का, हा अर्थ इतका पक्का बसलाय की तुम्हाला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. अख्खी वस्ती जळाली आणि लोक निघून गेले तर बेचिराख अगदी चपखल, जुना नवा दोन्ही अर्थ लागतात. पण पाच दुकानं जळाली आणि मालक समोर उभे राहून विम्यावाल्याला फोन लावताहेत, तर 'खाक' म्हणा, 'भस्मसात' म्हणा, नाहीतर सरळ 'जळाली' म्हणा. जागा पण कमी लागते.

प्रश्न: आमच्या गावाजवळ एक मैदान आहे, आम्ही पोरं क्रिकेट खेळतो. कागदावर त्याला 'झुडपी जंगल' म्हणतात. ना झुडूप, ना जंगल. आता तर म्हणे सुप्रीम कोर्टाने त्याला खरंच जंगल केलंय. हा काय प्रकार आहे?
(उमरेडकडचे एक तरुण वाचक)

पडीक जमिनीच्या एका साध्या शब्दाने एवढा मोठा घोळ दुसरा कुठे घातला असेल असं मला वाटत नाही.

आपला हा पूर्व विदर्भ आधी मध्य प्रांतात होता, सीपी अँड बेरार. तिथल्या महसूल दप्तरात ज्या जमिनीवर पीक नाही, खुरटी झाडं आहेत, बोरी, भराटी, पळसाचे ठोंब, अशा हलक्या प्रतीच्या जमिनीपुढे 'झुडपी जंगल' लिहायचे. वन खात्याचं जंगल नव्हे. गावाने तिथे गुरं चारायची, सरपण आणायचं, याला निस्तार म्हणतात, ते हक्क कागदावर लिहिलेले असायचे. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, संपली, जमिनी सरकारकडे आल्या, १९५६ मध्ये राज्यांची नव्याने मांडणी झाली आणि विदर्भ मुंबई राज्यात गेला, १९६० ला महाराष्ट्र झाला. शब्द मात्र कागदावर तसाच बसून राहिला. दरम्यान कोणी तिथे शाळा बांधली, कोणी घरकुल, कुठे स्मशान, कुठे तुमच्यासारख्यांची क्रिकेटची पीच.

मग आला १९८० चा वनसंवर्धन कायदा आणि १२ डिसेंबर १९९६ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश, की मालकी कोणाची का असेना, सरकारी कागदावर जे जंगल म्हणून नोंदलंय त्यालाही हा कायदा लागू. इथे आमच्या झुडपीची गंमत झाली. पटवाऱ्याने लिहिताना जोर 'झुडपी'वर दिला होता, कायद्याने वाचताना जोर 'जंगल'वर दिला. वर्षानुवर्षं तेच भांडण. शेवटी २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की या जमिनी वनजमीनच धरायच्या, आणि १२ डिसेंबर १९९६ च्या आधी ज्या दुसऱ्या कामाला दिल्या गेल्या त्यांच्यासाठी राज्य सरकारने केंद्राकडे मंजुरी मागायची. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, या जिल्ह्यांत मिळून सुमारे ८६ हजार हेक्टरचा मामला आहे. एका विशेषणाचा आणि एका नामाचा.

मला विचाराल तर दोन्ही बाजू पटतात. 'हे तर नुसतं झुडपी आहे' म्हणत चराऊ जमीन प्लॉट पाडायला मोकळी करणारेही मी बघितलेत, आणि तीस वर्षं राहत्या घराचा पट्टा मिळत नाही म्हणून तहसीलच्या पायऱ्या झिजवणारेही. तुमच्या पीचचं काय ते तुमच्या तहसीलमध्येच विचारा, मी शब्दांचा माणूस.

प्रश्न: माहेर सातारा, सासर सावनेर. आम्ही 'पडीक' म्हणतो, हे 'पडीत' म्हणतात. बरोबर कोणतं? आणि पहिल्या आठवड्यात सासूबाईंना 'बाबा रानात गेलेत' म्हटलं तर त्या घाबरल्या!
(एक सूनबाई)

घाबरणारच, सावनेरकडे रान म्हणजे पेंचच्या बाजूचं जंगल, तिथे वाघ असतो. तुमच्या साताऱ्याला रान म्हणजे शेत, आमच्याकडे त्याला वावर. मूळ 'अरण्य'च, पण तिकडे लोकांनी अरण्य कापून शेत केलं तरी नाव बदललं नाही.

पडीक आणि पडीत दोन्ही बरोबर. मी प्रूफ बघायचो तेव्हा प्रत्येक 'पडीत'चं 'पडीक' करायचो, नंतर अक्कल आली. विदर्भात पडीतच म्हणतात आणि 'यंदा पडीत पाडलं' असं क्रियापदासारखंही वापरतात, म्हणजे मुद्दाम पेरलं नाही, जमिनीला दम घेऊ दिला. त्यात रडण्यासारखं काही नाही. सातबाऱ्यावर आणखी एक शब्द सापडेल, 'पोटखराब'. नवऱ्याला वाचायला लावू नका, उगाच डॉक्टरकडे निघतील. पोटभाडेकरू, पोटजात यातलं जे 'पोट', म्हणजे आतला उपभाग, तेच हे. शेताच्या आतला लागवडीला न येणारा तुकडा, खडक, नाला, पायवाट वगैरे.

प्रश्न: सीताबर्डी नाव दोन गवळी भावांवरून पडलं असं ऐकलंय. खरं का?
(धरमपेठेतले वाचक)

शितलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद, शितलाबद्री, मग सीताबर्डी, ही गोष्ट आपण सगळेच ऐकत आलोय आणि ती सांगायला छान आहे. पण माझं मत वेगळं आहे. मध्य प्रांताच्या जुन्या जमाबंदीत नागपूरकडच्या मातीचे प्रकार दिलेत, काळी, मोरंड, खरडी, बरडी, रेताडी. मोरंड चांगली, खरडी मध्यम, आणि बरडी म्हणजे उंचावरची, मुरमाची, दगडगोट्यांची, पाणी न धरणारी. आता बर्डीचा किल्ला कुठे आहे? टेकडीवर. १८१७ च्या नोव्हेंबरात भोसले आणि इंग्रजांची लढाई झाली ती या दोन टेकड्यांसाठीच. जुनी माणसं अजून 'बर्डीवर जाऊन येतो' म्हणतात, 'बर्डीत' नाही म्हणत, आणि 'वर' आपण चढावालाच लावतो. सीता कुठून आली ते भावांच्या गोष्टीवर सोडू, बर्डी मात्र मला बरडीच वाटते. ज्या जमिनीवर ज्वारी धड आली नसती तिथे आज चौरस फुटाचा भाव विचारायची हिंमत होत नाही.

प्रश्न: 'वांझ जमीन' लिहावं का?
(नाव नको म्हणणाऱ्या वाचक)

नको. 'नापीक' आहे ना. जमिनीला काही फरक पडत नाही, वाचणाऱ्या एखादीला पडतो.

प्रश्न: एमपीएससीचा अभ्यास करतोय. कच्छचं रण म्हणजे तिथे लढाई झाली होती का? आणि पंढरपूरला वाळवंट आहे असं आजी म्हणते, भूगोलात तर नाही.
(अभ्यासिकेतला एक विद्यार्थी)

आजीला एक मार्क जास्त. वाळवंट म्हणजे मुळात नदीकाठचा वाळूचा पट्टा, चंद्रभागेचं वाळवंट, जिथे वारकरी नाचतात, अभंगातलं वाळवंट ते. भूगोलाची पुस्तकं मराठीत झाली तेव्हा सहारा, थर यांच्यासाठी शब्द हवा होता, वाळू दिसली आणि हाच उचलला. म्हणजे जिथे पाणी वाहतं तिथला शब्द जिथे पाणी नाही तिथे नेऊन बसवला. संस्कृताचं 'मरू' होतं की, मरुभूमी, पण ते कोणाच्या तोंडात बसलं नाही.

रणाचं म्हणशील तर लढाईचा काही संबंध नाही. संस्कृतात 'इरिण' म्हणजे खारी, काही न उगवणारी जमीन. त्याचं गुजरातीत झालं रण. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या प्रवासपुस्तिकेत, पेरिप्लसमध्ये, याच भागाला 'ईरिनॉन' म्हटलंय, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी बंदरावरच्या कोणीतरी त्याला 'इरिण' सांगितलं आणि त्याने ऐकलं तसं लिहून घेतलं. रणांगणातलं रण वेगळं. परीक्षेत हे विचारणार नाहीत, पण मुलाखतीत सांगून बघ.

प्रश्न: मी पक्ष्यांचे फोटो काढतो. पेपरवाले दर वेळी 'ओसाड माळरान' लिहितात, मला राग येतो. माझं चुकतं का?
(हिंगण्याचे एक वाचक)

नाही चुकत. माळ म्हणजे उंच, सपाट, न नांगरलेली गवताळ जमीन. माणूस नाही या अर्थाने ओसाड म्हणता आलं असतं, पण तिथे धनगर मेंढरं घेऊन असतो, तो माणूस नाही का? आणि बाकी वस्ती तर भरगच्च, काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल, माळटिटवी. माळढोकाच्या तर नावातच माळ आहे. त्याच्यासाठी सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये अभयारण्य केलं, आपल्याकडे वरोरा-भद्रावतीच्या बाजूलाही तो दिसायचा. माळ नांगरला, त्यावर तारा ओढल्या, झाडं लावली (हो, गवताळ माळावर खड्डे खणून वृक्षारोपण हे पण नुकसानच), मग तो गेला. म्हणजे माळ 'सुधारला' तेव्हा माळढोकाच्या हिशेबाने तो ओस पडला.

इंग्रजांच्या काळापासून ज्या जमिनीतून सारा येत नाही ती वाया, असा हिशेब बसलाय. २००० मध्ये देशाच्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह निघाला, त्यात उपग्रहावरून बघून झुडपांच्या मोकळ्या जमिनी वगैरे सगळं 'वेस्टलँड'मध्ये टाकलं. उपग्रहाला गवतातली अंडी कशी दिसणार. कोकणात सड्याचं, म्हणजे कातळाच्या पठाराचं, तेच, उन्हाळ्यात काळाकुट्ट कातळ, रस्त्याने जाणारा म्हणतो इथे काही नाही, पावसाळ्यात त्याच कातळावर फुलांचा गालिचा, आणि खाली दगडात कोरलेले हत्ती आणि मासे, हजारो वर्षांपूर्वीचे. तुम्ही 'ओसाड'च्या जागी नुसतं 'माळरान' लिहा म्हणून त्यांना कळवत राहा, विशेषण लागतच नाही तिथे.

प्रश्न: काका, मी सहावीत आहे, बेसाला राहतो. आमच्या घराच्या बाजूला एक प्लॉट आहे, तिथे काहीच नाही. त्याला ओसाड म्हणू का उजाड? तिथे मुंगूस राहतं.

दोन्ही नको. ओसाड म्हणायला तिथे आधी कोणी राहिलेलं नाही, आणि उजाड म्हणायला तिथे गाजरगवत, तरोटा आणि बेशरमची झाडं माजली असणार, मला न बघता माहीत आहे. तुझे बाबा त्याला 'खाली प्लॉट' म्हणत असतील, आपण सगळे नागपूरवाले तसंच म्हणतो, हिंदीतलं खाली म्हणजे रिकामा. माझा पुण्याचा मावसभाऊ आला होता, त्याला मी फोनवर सांगितलं 'घराशेजारचा प्लॉट खाली आहे, गाडी तिथे लाव', तर तो बिचारा दहा मिनिटं बेसमेंटला जायचा रस्ता शोधत होता. निबंधात 'रिकामा प्लॉट' लिही.

पण तिथे मुंगूस राहतं ना? मग बाईंना विचार की तो रिकामा तरी कसा, आणि त्या काय म्हणतात ते मला कळव. बिळाजवळ जास्त जाऊ नको, मुंगूस आहे म्हणजे साप पण असेल.